टाळीचा भूकंप

आधी आवाज आला. ट्रक गेला असं वाटलं, पण आमच्या गल्लीत ट्रक शिरत नाही. मग मांडणीतल्या ताटल्या किणकिणल्या, हंड्यावरचं झाकण जरासं सरकलं आणि शेजारच्या वहिनी तोंडात पेस्ट तशीच ठेवून अंगणात आल्या. १० जुलै २०२४, सकाळचे सव्वासात. कळमनुरी तालुक्यातला धक्का, ४.५ चा, हिंगोली-नांदेड-परभणी सगळीकडे जाणवला, हे नंतर मोबाइलवर कळलं. शाळेत पोचले तोवर नववीचा वर्ग पेटलेला होता. कुणाची म्हैस दावं तोडून पळाली होती, कुणाचा आजा बाजेवरून उठलाच नव्हता, 'मरायचं वय झालं, मी कायला पळू' म्हणाला होता. अशा दिवशी पाठ्यपुस्तक उघडायचं नसतं. मी नुसतं विचारलं, भूकंप कशानं होतो? अख्ख्या वर्गानं दोन्ही हात वर केले आणि तळव्यावर तळवा आपटला. "भूपट्ट एकमेकांवर आदळल्यानं, मॅडम!" भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे अवाढव्य तुकडे. हा हावभाव मुलं कुठून शिकतात ते ठाऊक आहे. आम्हीच करतो तो. व्हिडिओतही असतो. वर्ग खूश, उत्तर बरोबर, परीक्षेत दोन गुण हमखास. तेवढ्यात खिडकीशी बसणारी एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, "पण मॅडम, कळमनुरीत कोण कुणावर आदळलं?"

पोरं हसली. मला काही हसू आलं नाही.

कारण प्रश्न बिनतोड होता. भारताचा भूपट्ट ज्याला जाऊन भिडतो ती सीमा हिमालयात, आमच्यापासून हजार किलोमीटरच्याही पलीकडे. कोयना घ्या, किल्लारी घ्या, १९९७ चं जबलपूर घ्या, २००१ चं भूज घ्या. यांतला एकही भूकंप दोन भूपट्टांच्या कडेवर झालेला नाही. म्हणजे आमची मुलं जे उत्तर घोकून गुण मिळवतात, त्या उत्तरानं त्यांच्या आजी-आजोबांनी सोसलेला एकही भूकंप नीट उलगडत नाही. उत्तर चूक आहे असं नाही. जगातले बहुतेक भूकंप भूपट्टांच्या कडांवरच होतात. पण मुलाच्या डोक्यात त्या उत्तराबरोबर जे चित्र बसतं, दोन अवजड वस्तू वेगानं येऊन धडकल्या आणि धडकेनं सगळं हललं, ते चित्र सपशेल खोटं आहे. भारताचा भूपट्ट वर्षाला जेमतेम पाच सेंटिमीटर सरकतो. त्या गतीनं कशाचीही धडक होत नाही. होतो तो रेटा. तो रेटा अख्ख्या भूपट्टातून पसरत मराठवाड्याच्या पोटातल्या खडकापर्यंत येतो, आणि त्या खडकात जिथं कोट्यवधी वर्षांपूर्वीची जुनी भेग असेल तिथं कधीतरी तो खडक सरकतो. टाळी वाजत नाही, अडकून बसलेलं काहीतरी सुटतं.

आता भूकंप आणि गैरसमज म्हटलं की शिक्षकांच्या प्रशिक्षणात पहिलं नाव शेषनागाचं निघतं. तक्ता तयार असतो: डावीकडे फणा, त्यावर पृथ्वी, वर लाल फुली, उजवीकडे रंगीत भूपट्ट, वर हिरवी बरोबरची खूण. मला या तक्त्याचा मनापासून कंटाळा आहे. माझी आजी शेषाची गोष्ट सांगायची तेव्हाही ती गोष्टच होती, तिच्या आवाजातच ते कळायचं. आजचं एकही पोर शेषानं डोकं हलवलं म्हणून आपलं घर हललं असं मानत नाही. मेलेल्या सापाला मारण्यात आपण तास घालवतो, आणि हिरव्या खुणेखालचा गैरसमज मात्र प्रमाणपत्र घेऊन वर्गाबाहेर पडतो. १९९२ साली व्होस्नियाडू आणि ब्रूअर या दोन संशोधकांनी लहान मुलांना पृथ्वीच्या आकाराबद्दल बारकाईनं प्रश्न विचारले होते. पृथ्वी गोल आहे हे मुलं बिनदिक्कत सांगत. पण खोदून विचारल्यावर काहींची पृथ्वी ताटलीसारखी गोल निघाली, काहींची आतून पोकळ, आणि माणसं त्या पोकळीतल्या सपाट तळावर राहणारी. मुलांनी मोठ्यांचं ऐकलं होतं आणि पायाखाली दिसणारी सपाट जमीनही सोडली नव्हती. दोन्हींची सोयरीक लावून टाकली होती. भूकंपाचं तसंच आहे. बरोबर शब्द ऐकवला की आतलं चित्र बदलतं, हा आम्हा शिक्षकांचा स्वतःचा गैरसमज.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकच काम दिलं: आपल्या शाळेच्या मैदानाखाली काय काय आहे ते खोल खोल जात काढा. वह्या जमा झाल्या आणि मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी त्या बघत बसले. थोडी माती, थोडा दगड, थोडं पाणी, आणि त्याखाली लगेच लाल-नारिंगी लाव्ह्याचा समुद्र. जवळपास प्रत्येक वहीत. काहींनी त्यावर बुडबुडे काढले होते. एकीनं भूपट्ट होडीसारखे तरंगत ठेवले होते आणि होडीच्या टोकावर बारीक अक्षरात 'हिंगोली' लिहिलं होतं. एकाच वहीत लाव्हा नव्हता. त्या मुलाच्या चुलत्याची बोरची गाडी आहे आणि सुट्टीत हा गाडीबरोबर गावोगाव फिरतो. त्यानं काढलं होतं: काळी माती, मुरूम, काळा पाषाण, लाल गेरू, परत काळा पाषाण, परत गेरू. बाजूला फूट लिहिलेले. सर्वांत खाली 'दगड' लिहून रेघ उघडीच सोडली होती. मी वही वर धरून वर्गाला विचारलं, याचा लाव्हा कुठं गेला? तो जरा ओशाळून उभा राहिला. "मॅडम, पाचशे फुटाला बी दगडच लागतो. पावडर उडती नुसती, राखेवानी. लाव्हा असता तर गाडी वितळली असती की."

या एका वाक्यानं जे झालं ते माझ्या तासभराच्या बोलण्यानं झालं नसतं. वर्गात वाद सुरू झाला. पाचशे फूट म्हणजे काहीच नाही, अजून खाली असेल, असं एक बाजू म्हणाली. मग मी माझ्याकडची माहिती हळूहळू पुढं सरकवली. कोयनेच्या परिसरात गोठणे इथं शास्त्रज्ञांनी भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं, दगडच. रशियात कोला इथं माणसानं पाडलेलं सर्वांत खोल छिद्र बारा किलोमीटरच्या वर गेलं, तळाला १८० अंशांच्या आसपास तापमान, तरी दगडच. त्याच्याही खाली, तीस-पस्तीस किलोमीटरनंतर प्रावरण, म्हणजे कवचाखालचा थर, सुरू होतं, आणि तेही घनच आहे. मग ते सरकतं कसं, असा प्रश्न येणारच होता. तो आला. रस्त्याच्या कामावरचं डांबराचं पिंप सगळ्यांनी पाहिलेलं असतं. थंडीत त्यातल्या डांबरावर घण घातला तर तुकडा उडतो, पण पिंप आडवं पडून राहिलं तर तेच डांबर दिवसेंदिवस पसरत बाहेर येतं. घण घालणारा म्हणेल हे घन आहे, महिन्यानं येऊन बघणारा म्हणेल हे वाहतं, आणि दोघंही खरं बोलत असतात. प्रावरण वाहतं ते असं, लाखो वर्षांच्या हिशेबानं. बोरवाल्या पोराला हे लगेच पटलं. होडीवाली मात्र बराच वेळ आपल्या चित्राकडे बघत राहिली. तिचं चित्र सुंदर होतं, आणि सुंदर चित्र सोडणं जड जातं.

टाळी मोडायला वीट लागली. एक साधी वीट, टेबलावर चिकटवलेला पॉलिश पेपर, विटेला दोरी आणि दोरीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. पट्टी हळूहळू ओढायची. ट्यूब ताणत जाते, वीट ढिम्म हलत नाही, आणखी ताणते, वर्ग श्वास धरतो, आणि वीट एकदम टुणकन पुढं उडी मारून पुन्हा बसते. टेबल हादरतं, वर ठेवलेल्या खडूच्या पेटीतले खडू खुळखुळतात. आता सांगा, कोण कुणावर आदळलं? कुणीच नाही. हात एकसारखा ओढतोय, मग धक्का एकसारखा का नाही? ताण ट्यूबमध्ये साठतोय आणि घर्षण विटेला धरून ठेवतंय. हे मी सांगितलं नाही, मुलांनीच मोडक्यातोडक्या शब्दांत मांडलं. नंतर खरी मजा झाली. पोरांनी पैजा लावल्या, वीट कधी घसरणार यावर. टेबलाच्या कडेला खडूनं खुणा केल्या. पहिले अंदाज बरोबर आले आणि पैज लावणारे चढले. मग एकदा वीट फारच लवकर घसरली, एकदा ट्यूब तुटायला आली तरी घसरेना, एकदा नुसती किंचित सरकून पुन्हा अडकली. खिडकीतली मुलगी वहीत प्रत्येक वेळचं अंतर लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, "घसरणार हे नक्की आहे मॅडम, कधी ते नाही."

त्या रात्री गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नासाचा निरोप फिरत होताच: रात्री दोन वाजता मोठा धक्का, घराबाहेर झोपा. असा निरोप दर भूकंपानंतर येतो, बहुधा वेळही तीच असते. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणं जगात कुणालाही जमलेलं नाही, आणि हे नासाचं कामही नाही. पण मी ग्रुपवर काही लिहिण्याआधी माझ्याच एका विद्यार्थ्यानं बापाच्या मोबाइलवरून लिहिलं, 'आमची वीट सांगेना, नासा काय सांगणार.' खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. तरी निम्मं गाव रात्री अंगणातच झोपलं, आणि मीही दाराची कडी उघडी ठेवूनच झोपले. माहिती आणि भीती एका घरात सुखानं नांदू शकतात.

भीतीला माझ्याकडे जुनं कारण आहे. १९९३ साली मी लातूरला सहावीत होते. अनंत चतुर्दशीची मिरवणूक बघून उशिरा झोपलेलो, आणि पहाटे चारच्या आत-बाहेर आईनं मला दंडाला धरून ओढलं. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं: मैदानावरच्या सतरंज्या, ओल्या मातीचा वास, रेडिओभोवती वाकलेली माणसं, आणि बाबांनी वारंवार घेतलेलं उमरगा हे नाव. मावशी तिकडं दिलेली. तिचं घर माळवदाचं होतं. ज्यांनी ती घरं पाहिलीत त्यांना भिंतीची रुंदी सांगायला नको. खिडकीच्या कोनाड्यात आम्ही मुलं मांडी घालून बसायचो. गोल दगड चिखलात बसवलेले, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना आरपार दगडानं बांधलेले नाहीत. वर लाकडं, त्यावर माती, आणि दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. उन्हाळ्यात त्या घरासारखा गारवा नाही. छप्पर दरसाल जड होत होतं हे कुणाच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं, कारण जमीन हलेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. दख्खनचं पठार कठीण आणि स्थिर, असं पुस्तक सांगत होतं. सरकारी नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होती. पुढं २००२ मध्ये तो पहिला विभागच नकाशातून काढून टाकला.

मावशीचं घर अर्धं पडलं. लाकडी खण उभे राहिले, बाहेरची भिंत गोठ्याच्या अंगाला कोसळली, आणि घरातली माणसं वाचली. सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. त्या पहाटे सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंप ६.२ चा. वर्गात हा आकडा लिहिला की मी शेजारी दुसरा लिहिते: १९८९, कॅलिफोर्निया, लोमा प्रिएटा, ६.९, मृत्यू ६३. मुलं आधी म्हणतात, मॅडम, उलटं लिहिलंय. मग हळूहळू कळतं की भूकंपाचा आकडा भूकंपाचा असतो, मरणाचा नसतो. मरणाचा हिशेब भिंतीत, छपरात, झोपेच्या वेळेत आणि भूकंपाचं केंद्र जमिनीखाली किती खोल आहे त्यात असतो. जमीन दुभंगून माणसं गिळते अशी चित्रं मुलांनी सिनेमात पाहिलेली असतात. किल्लारीत जमिनीला भेगा पडल्या होत्या, पण माणसं गेली ती घराखाली. मावशीनं यातून स्वतःचा निष्कर्ष काढला: दगड वैरी. पुढं कित्येक वर्षं ती पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. एप्रिलच्या दुपारी त्या शेडमध्ये उभं राहवत नसे. "पत्रा भाजतो, पण मारीत न्हाई," म्हणायची. दगडाचा दोष नाही, बांधणीचा आहे, आरपार दगड आणि भिंतींना बांधणारे आडवे पट्टे घातले तर दगडी घर टिकतं, हे तिला सांगून गेलेल्या इंजिनिअरांना तिनं चहा पाजला आणि वाटेला लावलं. त्या गैरसमजावर बोट ठेवायची माझी कधी हिंमत झाली नाही, आणि अजूनही तो नुसता गैरसमज आहे असं म्हणायला जीभ रेटत नाही.

आमच्या पट्ट्यात दुसरा एक समज आहे, तो पारावर, चहाच्या टपरीवर, आणि खरं सांगायचं तर शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतो: छोटे धक्के चांगले, आतली वाफ निघून जाते, मोठा टळतो. वसमत तालुक्यात पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतून गूढ आवाज येतात ते कित्येक वर्षं ऐकतोय. उथळ आणि लहान धक्क्यांच्या लहरी जमिनीतून हवेत शिरल्या की असा गडगडाट होतो. लोक त्यावरही हीच समजूत घालून घेतात. ही समजूत मोडायला शेवया कामी आल्या. उन्हाळ्यात वाळवलेल्या, लांब, कडक. एक शेवई दोन बोटांत धरून मोडायची: टिक्. हा समजा पाचचा भूकंप. सहाचा म्हणजे किती शेवया? सगळे म्हणाले दोन, एका शहाण्यानं दहा म्हटलं. दहापट वाढते ती भूकंपमापकावरच्या लहरीची उंची. ऊर्जा वाढते सुमारे बत्तीसपट. बत्तीस शेवयांची जुडी एका मुलानं दोन्ही मुठींत धरून मोडली तेव्हा कचकन आवाज झाला आणि तुकडे मागच्या बाकापर्यंत उडाले. सातचा? बत्तीस गुणिले बत्तीस. एवढ्या शेवया नव्हत्या, आणि नव्हत्या हेच बरं, कारण टेबलावरच्या उरलेल्या मूठभराकडे बघून सगळे गप्प झाले. मग फळ्यावर हिशेब मांडला: किल्लारीएवढी ऊर्जा ४.५ च्या धक्क्यांतून बाहेर काढायची तर असे साडेतीनशेहून जास्त धक्के लागतील. आपल्याकडे किती झाले? म्हणजे छोटे धक्के आले तर मोठा येणारच, असं का मग? तेही नाही. किल्लारीत १९९२ सालीच धक्के जाणवायला लागले होते आणि मागून मोठा आला. पालघरकडे डहाणू-तलासरीत २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्क्यांची रांग लागली, लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या, पण किल्लारीसारखा धक्का आला नाही. मुलांना हे आवडत नाही. त्यांना हो किंवा नाही हवं असतं. मला तरी कुठं आवडतं?

धरणाचा विषय मी थोडक्यात आटोपते, कारण तिथं येलदरी आणि इसापूरची नावं निघतात आणि वर्गाची ग्रामसभा होते. कोयनेत ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेला भूकंप जलाशयाशी जोडलेला आहे हे शास्त्रज्ञ मानतात. पण पाण्यानं खडक मोडला असं नाही. खडक ताणलेलाच होता. पाणी भेगांत मुरलं, तिथला दाब वाढला आणि भेगेची पकड सैल पडली. विटेखाली पाणी सोडून बघा म्हटलं की पुढचं पोरंच करून बघतात, आणि पॉलिश पेपर वाया जातो.

पण ज्या तासाची मला खरी काळजी होती तो सुरक्षेचा. भिंतीवर छापील तक्ता आहे: झुका, टेबलाखाली जा, टेबलाचा पाय घट्ट धरा. चित्रातलं पोर बुटातलं, टेबल जाड लाकडाचं. एक मुलगा उभा राहून अगदी साधेपणानं म्हणाला, "मॅडम, आमच्यात टेबलच नाही." आणखी हात वर आले. कुणाकडे दगड-मातीचं जुनं घर, कुणाकडे चार पत्रे. अशा घरात तळमजल्यावर दाराशी असाल तर डोकं झाकून मोकळ्यात निघा, असं मी सांगितलं; आणि लगेच २००१ च्या २६ जानेवारीचं अंजारही सांगावं लागलं, जिथं प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली शाळकरी मुलं अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या इमारतींखाली सापडली. म्हणजे बाहेर हेही उत्तर नाही. मोकळं हे उत्तर, आणि मोकळं कुठं आहे ते ज्यानं-त्यानं आपल्या गल्लीत आजच बघून ठेवायचं. गृहपाठ तोच दिला: घरात कुठं झोपता, डोक्याशी काय आहे, आणि छपरावर काय आहे.

छपरावर काय आहे याचं उत्तर जवळजवळ सगळ्यांचं एकच निघालं. दगड. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून ठेवलेले, काही दोन हातांनीही उचलणार नाहीत असे. ते काढून घ्या असं प्रशासनानंही त्या दिवसांत सांगितलं होतं. मला एकदम मावशीची शेड आठवली. तिच्याही पत्र्यावर दगड होते, ती रोज रात्री त्यांच्याखाली झोपत होती, आणि आम्हा कुणाला त्यात काही खटकलं नव्हतं. मुलांनी घरी जाऊन वाद घातले. काही घरांवरचे दगड खाली आले. खिडकीतल्या मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी शाळेत आले, रागावून नाही, पण हिशेब घेऊन. "मॅडम, वारं दर जूनला येतं. भूकंपाचं तुमीच म्हणता, कधी येईल सांगता येत न्हाई. मी कुणाला भ्यावं?" मी त्यांना बसवलं. दगडाऐवजी हुकाचे बोल्ट मारून पत्रा खालच्या पाइपाला आवळता येतो, दोन्ही भीती भागतात, असं म्हटलं. बोल्ट, वायसर, वेल्डरची मजुरी, सगळं त्यांनी माझ्यासमोर वहीच्या पाठीवर मांडलं. मुलीनं बेरीज तपासली. बापानं आकड्याखाली रेघ ओढली, सोयाबीन विकल्यावर बघू म्हणाले, आणि तोवर तिच्या झोपायच्या जागेवरचे दगड तेवढे उचलून भिंतीकडच्या कडेला नेतो, असं ठरलं. भिंतीकडच्या कडेलाही नकोत, ती म्हणाली, खालून बकऱ्या जातात.